एक यादी की दोन? : १९३७ ची निवडणूक आणि आपण

निवडणुकीचे पडघम वाजू लागले की पनवेलच्या आमच्या देवळाच्या आवारात रविवारच्या मिस्सेनंतर एक चर्चा हटकून होते. आमचा धर्मग्राम तसा संमिश्र. कुणी वसईहून येऊन येथे स्थायिक झालेले, कुणी नगर-श्रीरामपूरकडचे, कुणी गोव्याचे, कुणी मंगळूरचे, तर कुणी उरण-अलिबागच्या जुन्या घरांतले. मिस्सा संपली तरी मंडळींचे पाय फाटकापाशी रेंगाळतात. अशाच एका रविवारी एका तरुणाने विचारले, “फादर, विधानसभेत आपल्या समाजासाठी एखादी तरी जागा राखून ठेवायला नको होती का?” फादर काही बोलण्याआधीच शेजारी उभे असलेले एक निवृत्त शिक्षक म्हणाले, “ठेवली होती, बाबा. एक नाही, तीन. आपणच त्या परत केल्या.”

तरुणाला ते खरे वाटेना. खरे सांगायचे तर जमलेल्यांपैकी बहुतेकांना ही हकिगत ठाऊक नव्हती. ज्या समाजाला आपल्या देवळांची पायाभरणी कोणत्या साली झाली हे तोंडपाठ असते, त्याला आपण मतदार कधी झालो आणि कोणत्या यादीतून झालो हे ठाऊक नसावे, याचे आम्हांला वाईट वाटले. हा लेख त्या आवारातल्या चर्चेतून जन्माला आला आहे.

मतपेटी पनवेलला नवखी नव्हती. येथील नगरपालिका १८५२ सालची, महाराष्ट्रातल्या अगदी जुन्या नगरपालिकांपैकी एक. गाव व्यापाराचे, बंदर, मिठागरे, भाताच्या गाड्या आणि त्या गाड्यांची चाके बनविणारे कारागीर यांवर वाढलेले. १८८३ पर्यंत पनवेल ठाणे जिल्ह्यात होते, मग ते कुलाबा जिल्ह्यात आले आणि १९८१ साली त्या जिल्ह्याचे नाव रायगड झाले. जिल्ह्याची ही अदलाबदल कागदोपत्री बाब वाटेल, पण ख्रिस्ती वाचकाने ती लक्षात ठेवावी. ठाणे जिल्ह्यात वसई होती, उत्तन होते, साष्टीच्या कुशीतली दाट ख्रिस्ती वस्ती होती. कुलाब्यात आपली घरे विखुरलेली : उरणला काही, अलिबाग-रेवदंड्याकडे काही, आणि चौलच्या खाडीपलीकडे कोर्लई, जेथले ख्रिस्ती बांधव पोर्तुगीज मिसळलेली स्वतःची बोली शतकानुशतके बोलत आले. ‘आपल्या’ मतांची संख्या मोजायला बसले तर ठाण्यात बेरीज जमे, कुलाब्यात जमत नसे.

कायदेमंडळात हिंदी माणसांनी निवडून जाण्याची वाट किलकिली झाली ती १८९२ आणि १९०९ च्या कायद्यांनी. पण ते दार सामान्य माणसासाठी नव्हतेच. १९१९ च्या माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांनंतर, १९२० साली मुंबई कायदेमंडळाची पहिली मोठी निवडणूक झाली. काँग्रेसने तिच्यावर बहिष्कार घातला. त्या व्यवस्थेत मद्रास प्रांतातील ख्रिस्ती समाजाला पाच निवडून द्यावयाच्या जागा मिळाल्या. मुंबईत मात्र ख्रिस्ती प्रतिनिधी सरकार नेमीत असे. नेमलेला माणूस कितीही भला असो, त्याला आपल्या दारी येऊन मत मागावे लागत नाही, आणि ज्याला मत मागावे लागत नाही त्याला आपले गाऱ्हाणे ऐकून घेण्याचीही निकड नसते. १९२१ साली मुंबई कायदेमंडळाने स्त्रियांना मताचा अधिकार दिला, तोही मिळकतीच्या अटीसह. त्याच वर्षी तिकडे पश्चिम ऑस्ट्रेलियात ईडिथ कोवन नावाच्या बाई राज्याच्या विधानसभेवर निवडून आल्या. त्या देशातल्या कोणत्याही विधिमंडळात जाणारी ती पहिली स्त्री.

खरी निवडणूक म्हणावी अशी झाली ती फेब्रुवारी १९३७ मध्ये. १९३५ च्या कायद्याने अकरा प्रांतांना बऱ्याच अंशी स्वायत्त राज्यकारभार मिळाला. सर्व प्रांत मिळून सुमारे तीन कोटी माणसांना मताचा अधिकार आला, त्यांत स्त्रिया सुमारे साडेबेचाळीस लाख. म्हणजे लोकसंख्येचे शेकडा चौदा. उरलेल्या शहाऐंशी जणांनी रांगेच्या बाहेर उभे राहून पाहावयाचे! मताचा अधिकार मिळकतीवर, शेतसाऱ्यावर, घरभाड्यावर किंवा शिक्षणावर ठरे. काही स्त्रियांना तर तो पतीच्या मिळकतीमुळे मिळाला. प्रत्यक्षात दीड कोटींहून थोड्या अधिक लोकांनी मत दिले.

मुंबई प्रांत त्या वेळी गुजरातपासून कर्नाटकापर्यंत पसरलेला होता. सिंध तेवढा १९३६ साली वेगळा झाला होता. या प्रांताच्या विधानसभेत १७५ जागा. त्यांची वाटणी वाचताना एखाद्या मोठ्या घरातल्या वाटणीपत्राची आठवण होते. सर्वसाधारण ११४, त्यांतल्या १५ अस्पृश्य समाजासाठी राखीव; मुसलमानांच्या २९; युरोपियनांच्या ३; अँग्लो-इंडियनांच्या २; व्यापार-उद्योगाच्या ७; मजुरांच्या ७; जमीनदारांच्या २; विद्यापीठाची १; मागास जमातींची १; स्त्रियांच्या ६; आणि हिंदी ख्रिस्ती समाजाच्या ३. आवारातल्या शिक्षकांनी सांगितलेल्या त्या तीन जागा याच.

राखीव जागा आणि विभक्त मतदारसंघ या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि आपल्याकडे त्यांची नेहमी गल्लत होते. राखीव जागेवर उमेदवार ठराविक समाजाचा असतो, पण त्याला मत सगळे देतात. विभक्त मतदारसंघात उमेदवारही त्याच समाजाचा आणि मतदारही त्याच समाजाचे. ख्रिस्ती समाजाच्या त्या तीन जागा दुसऱ्या प्रकारच्या होत्या. त्या मतदारसंघातल्या ख्रिस्ती माणसाचे नाव सर्वसाधारण यादीतून वगळून वेगळ्या यादीत घातले जाई. शेजारच्या घरातला हिंदू गृहस्थ ज्या उमेदवाराचे भाषण ऐकून आला, त्या उमेदवाराला ख्रिस्ती शेजाऱ्याचे मत नकोच असे. कारण ते त्याला मिळू शकत नव्हते. एका विहिरीचे पाणी पिणाऱ्या, एकाच तलाठ्याकडे सारा भरणाऱ्या दोन शेजाऱ्यांचे प्रतिनिधी निराळे झाले.

ही तजवीज झाली रॅम्से मॅक्डोनल्ड यांच्या १६ ऑगस्ट १९३२ च्या जातीय निवाड्याने. त्या निवाड्यातच एक मोठी गमतीदार कबुली होती. मद्रास सोडले तर बाकीच्या प्रांतांत संपूर्ण प्रांतभर पसरलेले ख्रिस्ती मतदारसंघ करणे व्यवहारात शक्य दिसत नाही. तेव्हा काही निवडक भागांतच असे मतदारसंघ करावे लागतील आणि त्या भागांबाहेरचे ख्रिस्ती मतदार सर्वसाधारण मतदारसंघातच मत देतील, असे सरकारने स्वतःच नमूद केले होते. म्हणजे एकाच प्रांतातले, एकच प्रार्थना म्हणणारे दोन ख्रिस्ती बांधव, त्यांतला एक ‘ख्रिस्ती मतदार’ आणि दुसरा नुसताच ‘मतदार’! ज्याची वस्ती दाट त्याला संरक्षण, आणि ज्याची वस्ती विरळ, ज्याला संरक्षणाची गरज अधिक, तो मात्र इतरांच्या भरवशावर. कुलाब्यासारख्या विरळ ख्रिस्ती वस्तीच्या जिल्ह्यात राहणाऱ्याने या योजनेकडे कोणत्या डोळ्यांनी पाहावे? राखीव जागेचे गोडवे गाताना ही उणीव सहसा कुणी सांगत नाही.

हे वेगळेपण आपण मागितले होते की आपल्यावर लादले गेले? प्रामाणिक उत्तर असे की, आपल्यातल्या काहींनी मागितले होते. लंडनच्या गोलमेज परिषदेत ख्रिस्ती प्रतिनिधींचेच एकमत नव्हते. पहिल्या परिषदेला गेलेले के. टी. पॉल हे प्रोटेस्टंट पुढारी विभक्त मतदारसंघांच्या विरोधात होते. १९३१ साली ते निवर्तले. दुसऱ्या परिषदेत डॉ. एस. के. दत्त यांनी तीच बाजू मांडली. उलट मद्रासचे ए. टी. पन्नीरसेल्वम, आपल्या कॅथोलिक समाजाचे, विभक्त मतदारसंघांच्या बाजूने होते. नोव्हेंबर १९३१ मध्ये अल्पसंख्याकांच्या पुढाऱ्यांनी जो संयुक्त करार सादर केला त्यात तेही होते. पन्नीरसेल्वम हे काही संकुचित वृत्तीचे गृहस्थ नव्हते. पुढे १९४० साली विमान अपघातात त्यांचा अंत झाला तेव्हा ते मद्रासच्या राजकारणातले मोठे नाव होते. त्यांची भीती समजण्यासारखी होती. बहुसंख्याकांच्या मतांवर निवडून येणारा ख्रिस्ती माणूस बहुसंख्याकांनाच खूश ठेवील, आपल्या शाळांच्या अनुदानाचा प्रश्न आला की तो गप्प बसेल, अशी ती भीती. आवारातल्या तरुणाच्या प्रश्नामागेही तीच भीती आहे, नव्वद वर्षांनंतरही.

याच भीतीपोटी जगाच्या दुसऱ्या टोकाला आपल्या धर्मबांधवांनी काय केले, ते येथे सांगितले पाहिजे. ऑस्ट्रेलियातले कॅथोलिक बहुतांशी आयरिश वंशाचे. संख्येने बरे, पण अल्पसंख्य आणि बरेचसे कष्टकरी. तेथील राज्य सरकारांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कॅथोलिक शाळांचे अनुदान बंद केले. ते परत मिळविण्यासाठी विसाव्या शतकाच्या आरंभी कॅथोलिक फेडरेशन उभे राहिले, आणि न्यू साउथ वेल्समध्ये त्यातून एक स्वतंत्र पक्षही निघाला. १९२० आणि १९२२ च्या राज्य निवडणुका तेथे प्रमाणशीर प्रतिनिधित्वाच्या पद्धतीने झाल्या. छोट्या गटाला याहून सोयीची पद्धत नाही. तरीही ९० जणांच्या सभागृहात या पक्षाला १९२२ साली एकच जागा मिळाली. सिडनीच्या पूर्व उपनगरांतून डॉ. सिरिल फॅलन निवडून आले. पक्ष पुढे टिकला नाही. बहुसंख्य कॅथोलिक मजूर पक्षालाच मत देत राहिले, कारण रोजची मजुरी आणि घरभाडे हे प्रश्न त्यांना इतर कामगारांसारखेच होते.

आणि त्याच देशात, क्वीन्सलंड राज्यात, २२ मे १९१५ रोजी निवडणूक झाली. मतदान सक्तीचे करून घेतलेली ती साऱ्या ब्रिटिश साम्राज्यातली पहिली निवडणूक. ती मजूर पक्षाने जिंकली आणि राज्याचे मुख्य मंत्री झाले टी. जे. रायन. रायन आयरिश घराण्यातले कॅथोलिक. ते कॅथोलिकांच्या जागेवरून नव्हे, तर मेंढपाळ आणि लोकर कातरणाऱ्यांच्या बार्कू नावाच्या मतदारसंघातून निवडून येत. आपल्या माणसांचा पक्ष काढणाऱ्यांना एक आमदार मिळाला. सगळ्यांच्या रांगेत उभा राहणारा आपला माणूस सगळ्या राज्याचा प्रमुख झाला. दोन देशांची परिस्थिती सारखी नसते हे आम्ही जाणतो. तरीही ही जोडगोष्ट विसरावी अशी नाही.

आता परत कुलाब्यात येऊ. १९३७ साली येथल्या माणसाच्या पोटात खरोखर काय खदखदत होते? धर्म नव्हे, जमीन. खोत गावचा सारा वसूल करी आणि कुळाकडून त्याच्या कितीतरी पट पीक उचलून नेई. अलिबाग तालुक्यातल्या चरी गावाच्या परिसरात शेतकऱ्यांनी १९३३ च्या ऑक्टोबरात जमीन कसायचीच नाही असा संप पुकारला. नारायण नागू पाटील त्याचे पुढारी. संप थोडाथोडका नव्हे, सहा वर्षे चालला. माणसांनी जंगलातली लाकडे विकून, मासळी मारून दिवस काढले, पण खोताच्या जमिनीला नांगर लावला नाही. त्याआधी २५ सप्टेंबर १९३० रोजी, पनवेलहून फार दूर नसलेल्या चिरनेरला जंगल सत्याग्रहात गोळीबार होऊन माणसे मेली होती. असा हा जिल्हा मतदानाला निघाला होता.

अशा जिल्ह्यात गुप्त मतदानाला केवढी किंमत! खोताच्या डोळ्यांदेखत हात वर करून मत द्यावे लागले असते तर कोणत्या कुळाची छाती झाली असती? छापील मतपत्रिकेवर आडोशाला जाऊन खूण करण्याची ही रीत मुळात ऑस्ट्रेलियाची. व्हिक्टोरिया आणि साउथ ऑस्ट्रेलिया या वसाहतींनी ती १८५६ साली सुरू केली. खुद्द इंग्लंडने १८७२ साली उचलली. तिकडे सोन्याच्या खाणींत राबणाऱ्यांसाठी जे अवजार घडले, ते आमच्या भातखाचरांतल्या माणसाच्या उपयोगी पडले.

मुंबई प्रांतात आणखी एक वेगळी सोय होती. ज्या मतदारसंघात दोन, तीन किंवा चार जागा असत तेथे मतदाराला तितकीच मते असत. ती त्याने निरनिराळ्या उमेदवारांना वाटावीत, किंवा सगळी एकाच्याच पदरात टाकावीत. लहान पण एकजुटीच्या गटाला या पद्धतीने बळ मिळे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तिचा आग्रह धरला होता. ऑगस्ट १९३६ मध्ये त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला आणि अवघ्या सहा महिन्यांत निवडणूक लढविली. मुंबईत ते स्वतः निवडून आले. त्यांच्या विरुद्ध काँग्रेसने उभे केलेले उमेदवार होते प्रसिद्ध क्रिकेटपटू पाळवणकर बाळू. पक्षाचे बहुतेक विजयी उमेदवार राखीव जागांवरचे होते. पण तिघे सर्वसाधारण जागांवरून आले, आणि तिघेही कोकणातले : शामराव परुळेकर, अनंतराव चित्रे आणि आमच्या कुलाब्याचे सुरेंद्रनाथ टिपणीस.

टिपणीस महाडचे, कायस्थ प्रभू समाजातले. महाडच्या नगरपालिकेचे अध्यक्ष असताना चवदार तळे अस्पृश्यांना खुले करण्याच्या ठरावामागे ते उभे राहिले होते. त्या ठरावाला आधार होता सीताराम केशव बोले यांनी ऑगस्ट १९२३ मध्ये मुंबई कायदेमंडळात संमत करून घेतलेल्या ठरावाचा. असा माणूस स्वतंत्र मजूर पक्षाच्या नावावर कुलाब्यातून निवडून येतो, याचा अर्थ काय? मतदाराने जात पाहिली असती तर टिपणीसांना अस्पृश्यांची मते का मिळावीत, आणि पक्ष पाहून बिचकला असता तर इतरांची का मिळावीत? खोती नको, हे त्याच्या मताचे उत्तर होते.

त्यातून काही निष्पन्नही झाले. १७ सप्टेंबर १९३७ रोजी बाबासाहेबांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक विधानसभेत मांडले. १० जानेवारी १९३८ रोजी कोकणातले हजारो शेतकरी मुंबईत मोर्चाने विधानभवनावर गेले. विधेयक लगेच पार पडले नाही. खोती संपायला १९४९ चा कायदा उजाडावा लागला. पण काँग्रेस मंत्रिमंडळाचे महसूलमंत्री मोरारजी देसाई चरीला येऊन गेले आणि १९३९ च्या कूळकायद्याने कुळाला पहिले संरक्षण मिळाले. ते पायाखालच्या जमिनीचे होते आणि ख्रिस्ती कुळाला व हिंदू कुळाला सारखेच लागू होते. कुलाब्यातल्या एखाद्या ख्रिस्ती शेतकऱ्याचे नाव तेव्हा विभक्त यादीत असते, तर या झगड्यात त्याच्या मताला जागाच उरली नसती.

निवडणुकीत काँग्रेसला जवळजवळ निम्म्या जागा मिळाल्या. मंत्रिपदे घ्यावीत की नाही या वादात तीन-चार महिने गेले, तोवर धनजीशहा कूपर यांचे काळजीवाहू मंत्रिमंडळ होते. मग १९ जुलै १९३७ रोजी बाळासाहेब खेर मुख्य मंत्री झाले. त्यांचे आरोग्यमंत्री डॉ. गिल्डर पारशी. निवडणुकीत मुंबई काँग्रेसची धुरा वाहणारे वीर नरिमन हेही पारशी. पारशांना विभक्त मतदारसंघ नव्हते. संख्येने ते आपल्यापेक्षा कितीतरी कमी, पण ते सर्वसाधारण यादीत राहिले आणि तेथून मंत्रिमंडळापर्यंत पोहोचले. पनवेलकरांना याहून जवळचे उदाहरण हवे असेल तर येथल्या बेने इस्राएल शेजाऱ्यांचे घ्यावे. त्यांचे बेथ एल सिनेगॉग १८४९ सालचे, म्हणजे नगरपालिकेहूनही जुने. शनिवार पाळणारा, मराठी बोलणारा हा समाज मूठभर. त्याच्यासाठी ना जागा राखली गेली ना यादी वेगळी झाली.

आमच्याही समाजात ही दृष्टी असलेली माणसे होती. माझगावचे काका बाप्टिस्टा १९१६ साली होमरूल लीगचे पहिले अध्यक्ष झाले ते टिळकांच्या खांद्याला खांदा लावून. १९२५ साली ते मुंबईचे महापौर झाले ते साऱ्या नगरसेवकांच्या मतांवर. १९३० साली ते वारले, म्हणून जातीय निवाडा त्यांना पाहावा लागला नाही.

आणि त्या तीन जागांचे पुढे काय झाले? स्वातंत्र्य आल्यावर घटना समितीपुढे प्रश्न आला. ऑगस्ट १९४७ मध्ये ठरले की विभक्त मतदारसंघ रद्द व्हावेत, पण मुंबई आणि मद्रास या दोन प्रांतांत ख्रिस्ती समाजाला लोकसंख्येच्या प्रमाणात राखीव जागा असाव्यात. म्हणजे मतदार सगळे, उमेदवार आपला. काही काळ गेला. फाळणीच्या जखमा भळभळत होत्या. मे १९४९ मध्ये अल्पसंख्याकांच्या सल्लागार समितीने धर्माच्या आधारावरच्या राखीव जागा मुळातच नकोत असा निर्णय केला, आणि घटना समितीने तो स्वीकारला. त्यासाठी पुढाकार घेणारे घटना समितीचे उपाध्यक्ष हरेंद्रकुमार मुखर्जी स्वतः ख्रिस्ती होते. मद्रासच्या लोयोला कॉलेजचे जेझुइट धर्मगुरू फादर जेरोम डिसोझा यांनीही या निर्णयाला पाठिंबा दिला. धर्म पाळण्याचा, आचरण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा हक्क, तसेच आपल्या शाळा आपण चालविण्याचा हक्क घटनेच्या मूलभूत हक्कांत आला होता, आणि आपल्या पुढाऱ्यांच्या दृष्टीने तीच खरी शिदोरी होती. अँग्लो-इंडियन समाजासाठी मात्र सरकारने सभासद नेमण्याची तरतूद राहिली. ती जानेवारी २०२० मध्ये संपली.

तीन वर्षांनी, १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत, तेव्हा मुंबई राज्यात असलेल्या कारवार जिल्ह्याच्या मतदारसंघातून जोकिम अल्वा लोकसभेवर गेले. कॅथोलिक माणूस, स्वातंत्र्यलढ्यात तुरुंग भोगलेला, सर्वसाधारण जागा.

हे सगळे आम्ही त्या तरुणाला सांगितले. सांगताना, खरे बोलायचे तर, आमचा स्वर थोडा विजयी झाला होता. तेवढ्यात नगरकडचे एक वयस्क बंधू, जे आतापर्यंत मुकाट्याने ऐकत होते, म्हणाले, “सर, तुम्ही जागा परत केल्याचं सांगितलं. आमच्याकडून काय गेलं ते नाही सांगितलं.”

त्यांचे म्हणणे आम्हांला मान्य करावे लागले. नगर जिल्ह्यातले आपले बहुसंख्य ख्रिस्ती बांधव महार आणि मांग समाजांतून आलेले. धर्म बदलला तरी गावकुसाबाहेरचे घर, शेतावरची मजुरी आणि पाणवठ्यावरची वागणूक बदलली नाही. मे १९४९ मध्ये ख्रिस्ती समाजाच्या राखीव जागा गेल्या. पुढे १० ऑगस्ट १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती फक्त हिंदू धर्म मानणाऱ्यांना उरल्या. १९५६ साली त्या सर्व शीख दलितांना आणि १९९० साली बौद्धांना मिळाल्या. ख्रिस्ती दलितांना नाही. दोन्ही निर्णय निराळे, निराळ्या कारणांचे. पण नगरच्या त्या गृहस्थांच्या घरात ते एकापाठोपाठ एक आले. घटना समितीत आपल्या वतीने उदार मनाने जागा सोडणारी माणसे बॅरिस्टर, प्राध्यापक, धर्मगुरू होती. त्यांना सर्वसाधारण यादीतून वर जाता येत होते. शेतमजूर ख्रिस्ती माणसाला कुणी विचारले होते?

विभक्त यादी हा त्याच्यावरचा उपाय होता असे आम्हांला आजही वाटत नाही. ती यादी त्याच्या खेड्यापर्यंत पोहोचेल याची निवाडा देणाऱ्या सरकारलाच खात्री नव्हती, आणि पोहोचली असती तरी पावणेदोनशेच्या सभागृहात तिघे काय करणार होते? पण टिपणीसांना निवडून देणाऱ्या मतदारांनी जसा खोतीचा प्रश्न सगळ्यांचा केला, तसा आपल्यातल्या दलित बांधवांचा प्रश्न आपण सगळ्या ख्रिस्ती समाजाचा तरी केला होता काय? वसईच्या वाडीवाल्याने, गोव्याच्या बाबूने, आमच्यासारख्या पनवेलच्या शिक्षकाने १९५० नंतरच्या कोणत्या निवडणुकीत मत मागायला आलेल्या उमेदवाराला उंबऱ्यावर थांबवून त्याबद्दल विचारले?

पनवेलची नगरपालिका २०१६ साली महानगरपालिका झाली आणि मे २०१७ मध्ये तिची पहिली निवडणूक झाली. मतदार यादीत आमचे नाव शोधताना आम्ही पान चाळत होतो. एकाच पानावर, एकाच इमारतीतले पाटील, फर्नांडिस, शेख, गायकवाड, डिमेलो, म्हात्रे, अनुक्रमांकाने एकाखाली एक लावलेले. नगरच्या त्या बंधूंचेही नाव तेथे होते, आमच्या नावापासून चौथे.